स्वतःच्याच पेशींपासून नवीन रक्तवाहिन्या तयार होतात म्हणे, मामांच्या पायासाठी विचारतेय

निपाणीची_लेक
नमस्कार सगळ्यांना. लांबलचक लिहिणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझे मामा, वय ४१, निपाणीजवळच्या गावात असतात, तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून विडी. दोन वर्षं झाली, चालताना उजव्या तळपायात गोळा यायचा, जरा थांबलं की जायचा, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. दिवाळीनंतर अंगठ्याशेजारचं बोट आधी पांढरं, मग जांभळं आणि आता टोकाला काळं पडलंय. रात्री झोप नाही. पाय खाटेवरनं खाली सोडून बसतात, तसा सोडला की ठणका थोडा उतरतो म्हणतात. मामी त्यांच्यासोबत जागीच. परवा मी बोटाला हात लावला तर माठातल्या पाण्यासारखं गार. गावातल्या डॉक्टरांनी बर्जर हा आजार सांगितलाय, तंबाखूमुळं पायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात तो.

आता मुद्दा. एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) सांगितलं की कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि पोटरीत टोचायच्या, मग पायात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाय शंभर टक्के वाचतो. साडेतीन लाख, निम्मे आधी. मामा दीड एकर गहाण टाकायला निघालेत, आई रडतेय, आणि घरात शिकलेली म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. हे खरं असतं का? कुणी केलंय का?

शहापूरकर
ताई, जमीन गहाण टाकू नका. निदान या आठवड्यात तरी नको. व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, दाखवलंय का आधी?

निपाणीची_लेक
नाही दादा. तो वेगळा असतो हेच आत्ता कळलं.

खानापूरवाडी
एवढं घाबरवू नका ओ त्यांना. विज्ञान लई पुढं गेलंय. जपानात एका लहान पोरीला तिच्याच पेशींची रक्तवाहिनी करून बसवली होती, मी वाचलंय. आपल्या लोकांना ते मिळायला लागलं की लगेच आपणच नको म्हणायचं, हे काय बरोबर नाही.

नाडीपरीक्षा
मी चिकोडी तालुक्यात प्रॅक्टिस करतो, व्हॅस्क्युलर सर्जन नाही, पण बर्जरचे रोगी नेहमी बघतो कारण आपला भागच तसा आहे. सविस्तर लिहितो.

आधी खानापूरवाडींचं. ती गोष्ट खरी आहे. टोकियोत १९९९ मध्ये ४ वर्षांच्या मुलीवर डॉ. शिनओका यांनी ते ऑपरेशन केलं, २००१ मध्ये छापून आलं. तिची फुप्फुसाकडं जाणारी वाहिनी बंद झाली होती. तिच्याच शिरेचा छोटा तुकडा काढून पेशी वाढवल्या, त्या शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाच्या नळीवर पेरल्या आणि ती नळी बसवली. हे नळी बनवण्याचं काम झालं. मामांना जे विकतायत ते वेगळंच आहे. तिथं नळीबिळी काही नाही, नुसत्या पेशी टोचायच्या आणि त्यांच्यामुळं बारीक वाहिन्या आपोआप फुटतील अशी आशा ठेवायची. दोन्हीला "स्वतःच्या पेशींपासून रक्तवाहिनी" म्हणतात, म्हणून ऐकणाऱ्याला एकच वाटतं.

आता ते टोचणं. त्याची सुरुवातही जपानातच झाली. २००२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी बोन मॅरोतल्या (हाडाच्या मगजातल्या) पेशी पायाच्या स्नायूत टोचल्या. ज्यांचे दोन्ही पाय बिघडलेले होते त्यांच्या एका पायात बोन मॅरोच्या आणि दुसऱ्यात साध्या रक्तातल्या पेशी. बोन मॅरोवाल्या पायात दुखणं कमी झालं, घोट्यापाशी मोजलेला रक्तदाब वाढला, म्हणजे रक्त जास्त पोचायला लागलं. सगळ्या जगाला आशा वाटली, वाटणारच. मग २०१५ मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास आला, १६० रोगी, निम्म्यांना पेशी आणि निम्म्यांना पेशींसारखं दिसणारं पाणी, कुणाला काय दिलंय हे रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. सहा महिन्यांनी पाय कापावे लागण्याचं प्रमाण बघितलं तर दोन्हीकडं फरक नाही. आता त्यात बर्जरपेक्षा चरबीनं वाहिन्या बंद झालेले रोगी जास्त होते आणि पेशी स्नायूत न देता धमनीत सोडल्या होत्या, त्यामुळं दार कायमचं बंद झालं असं मी म्हणणार नाही. पण "शंभर टक्के" हा शब्द ज्यानं वापरला त्याच्याकडनं ताई उठून या.

मार्कंडेयकाठ
डॉक्टर, पाणी दिलेल्यांनाही बरं वाटलं का?

नाडीपरीक्षा
हो, बऱ्याच जणांना वाटतं. दुखण्याचं तसंच असतं, कुणी काळजी घेतली, तपासलं, ड्रेसिंग नीट केलं, तरी उतरतं. म्हणून तर तुलना करावी लागते.

वडगावचा_माग
मी विणकर. हातमागावर आयुष्य गेलं, आता पोरगा पॉवरलूम बघतो. सहा वर्षं डायलिसिस करूलालोय, आठवड्यातनं तीनदा, चार-चार तास. म्हणून रक्तवाहिनी म्हणजे काय ते माझ्या डाव्या मनगटाला विचारा.

आमच्या हातात फिश्चुला करतात. धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची, मग शिरेत जोरानं रक्त येतं आणि ती जाड होते, म्हणजे सुया टोचता येतात. ही युक्ती १९६६ सालची, अजून तीच सगळ्यात चांगली. रोज सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे मनगटावर तीन बोटं ठेवायची. आत घर्रर्र असं लागतं, भोवरा तळहातावर घेतल्यासारखं. ते लागलं की देवाला हात जोडायचे. एके दिवशी लागलं नाही, सगळं शांत. गोठलं होतं. दुसऱ्या हाताला नवीन करायला गेलो तर शिरा बारीक, मग प्लास्टिकची नळी घातली, ती आठ महिन्यांत पिकली. म्हणून विचारतो, माझ्याच पेशींची नळी मिळाली तर मला पाहिजेच की. तसं कुठं झालंय का डॉक्टरसाहेब?

नाडीपरीक्षा
झालंय काका, आणि नेमकं डायलिसिसच्या रोग्यांवरच झालंय. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं रोग्याच्या कातडीचा आणि शिरेचा तुकडा घेऊन पेशींचे पातळ पडदे वाढवले, ते गुंडाळून नळी केली. त्यात प्लास्टिक काहीच नाही. अर्जेंटिना आणि पोलंडमध्ये १० रोग्यांना बसवली, २००९ मध्ये छापून आलं. काहींच्या चालल्या, काहींच्या गेल्या. पण एक नळी वाढवायला सहा ते नऊ महिने. ज्याला या आठवड्यात डायलिसिस पाहिजे त्यानं नऊ महिने काय करायचं, तिथंच गाडी अडली.

लॅबकोट
मी बेळगावची, आता बाहेर शिकते, पेशींवरच काम आहे माझं. काका, तुमच्यासाठी एक सांगते, तुम्हाला आवडेल. साध्या मोठ्या धमनीला जी डेक्रॉनची नळी घालतात ती पॉलिएस्टरचं विणलेलं कापडच असतं. आणि फ्रान्समध्ये बोर्डोला, मघाशी डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या पडद्यांचं काम पुढं नेणाऱ्यांनी, पडद्याच्या पट्ट्या कापून त्याचं सूत केलं आणि त्या सुतानं रक्तवाहिनी विणली. खरोखर विणली, ताणा-बाणा घालून. २०२० मध्ये छापून आलंय.

वडगावचा_माग
बाई, हे वाचून मी पोराला हाक मारून मोबाईल दाखवला. सूत पाठवा, नळी आम्ही विणतो, वर इरकली काठ फुकट.

लॅबकोट
😄 काका पहिला नंबर तुमचा.

पण गंभीरपणे एक सांगायचंय कारण "स्वतःच्या पेशी" या शब्दाला लोक भुलतात. स्वतःच्या म्हणजे शरीर नाकारणार नाही, हे खरं. पण त्या पेशी तिथं जाऊन विटांसारख्या बसतात आणि वाहिनी होतात असं नसतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लोकांनी उंदरांत बघितलं, नळीवर पेरलेल्या बोन मॅरोच्या पेशी काही दिवसांतच दिसेनाशा झाल्या. वाहिनी तयार झालीच, पण ती शेजारच्या वाहिनीतनं सरकत आलेल्या पेशींची. पेरलेल्या पेशींनी फक्त हाक मारली आणि त्या निघून गेल्या. लग्नाचं आमंत्रण घेऊन येणारा आणि मांडव घालणारा वेगळा, तसं. मग खरा प्रश्न हा की जिथं हाक मारायची तिथं यायला कुणी शिल्लक आहे का? बर्जरमध्ये बारीक वाहिन्याच सुजून बंद झालेल्या असतात आणि विडी चालू असेल तर सूज रोज नव्यानं येते.

आणि आता तर काही जणांनी स्वतःच्या पेशींचा हट्ट सोडलाय. दुसऱ्या माणसाच्या पेशींपासून नळी वाढवायची, मग सगळ्या पेशी धुऊन काढायच्या, नुसता सांगाडा ठेवायचा, तो कुणालाही चालतो आणि कपाटात तयार ठेवता येतो. अशा नळीला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, हातापायाची धमनी अपघातात तुटली असेल तर वापरायला.

टिळकवाडी_७
एवढं सगळं लिहिताय, पण मूळ औषध म्हणजे विडी सोडणं. ते फुकट आहे. लोक ते सोडून सगळं करतात. ४१ वर्षांच्या माणसाला कळत नाही का?

तेंदूपान
टिळकवाडीदादा, मी तुमच्यावर रागावून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई निपाणीत तीस वर्षं विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात पानं. कातरीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, दोऱ्याची गाठ, टोक नखानं मुडपायचं. दिवसाला हजार. त्या मुडपायच्या नखाचं टोक कायम झिजलेलं. घरात तंबाखूचा वास म्हणजे आम्हाला वासच वाटायचा नाही, पाहुणे आले की शिंकायचे तेव्हा कळायचं. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीत केवढं आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या पोटापाण्याचंच ते होतं. वखारीतल्या हमालाला विडी सोड म्हणणं म्हणजे दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात उभं राहून तंबाखू विसर म्हणणं आहे. सोडायला पाहिजे, शंभर वेळा पाहिजे. पण "कळत नाही का" असं नका म्हणू. त्यांना मदत लागेल.

टिळकवाडी_७
ताई, चुकलं माझं. माझे वडील छातीनं गेले, सिगारेट. त्याचा राग निघाला. मामांना लागेल असं लिहायला नको होतं.

नाडीपरीक्षा
तेंदूपान ताईंनी लिहिलं ते रोज बघतो. टिळकवाडींचा मुद्दा मात्र औषध म्हणून बरोबरच आहे. बर्जरमध्ये तंबाखू पूर्ण बंद करणं हाच एक उपाय आहे ज्यानं आजार थांबतो हे पक्कं माहीत आहे. कमी करून चालत नाही, दिवसाला एक-दोन विड्याही आजार जिवंत ठेवतात. तपकीर, मिश्री, मावा, काहीच नको. जे सोडतात त्यांचा पाय बहुतेक वेळा वाचतो, गेलं तर एखादं बोट जातं. जे सोडत नाहीत त्यांचं कापणं बोटापासून वर वर सरकत जातं, मी एकाचे दोन्ही पाय गेलेले बघितलेत, वय ३८. आणि सोडण्यासाठी गोळ्या मिळतात, समुपदेशन मिळतं, ते मागून घ्या. निकोटीनचा च्युइंगम मात्र मनानं आणून देऊ नका, निकोटीनच ते, बर्जरमध्ये त्यानंही आजार धगधगत राहू शकतो.

खानापूरवाडी
डॉक्टर, मला अजून पटलेलं नाही. बंगळूरच्या एका कंपनीचं पेशींचं औषध बर्जरसाठी सरकारनं मंजूर केलंय, हे पण मी वाचलंय. मग तुम्ही सगळंच खोटं कसं म्हणता?

नाडीपरीक्षा
सगळंच खोटं असं मी कुठं म्हटलं ओ. तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. स्टेमप्युटिक्सचं स्टेमप्युसेल. २०१६ मध्ये बर्जरसाठी मर्यादित मंजुरी, २०२० मध्ये पूर्ण. पोटरीतच टोचतात. पण त्या पेशी रोग्याच्या स्वतःच्या नसतात, निरोगी दात्यांच्या बोन मॅरोतनं वाढवलेल्या असतात, कारखान्यात, प्रत्येक बॅच तपासून. ते औषध नियंत्रकांपुढं आकडे ठेवून मंजूर झालेलं औषध आहे, व्हॅस्क्युलर सर्जनशी त्याबद्दल जरूर बोला. मामांना सांगितलंय ते मात्र दवाखान्यातल्या मागच्या खोलीत काढून टोचायचं.

त्याला नियम काय ते सांगतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखे रक्ताचे आजार सोडले तर स्वतःच्या मूळ पेशी टोचणं हा अजून उपचार नाही, प्रयोग आहे. प्रयोगात रोग्याकडनं पैसे घेता येत नाहीत. प्रयोग असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत त्याचा नंबर असलाच पाहिजे, कुणालाही मोबाईलवर बघता येतो. ताई, तिथं फोन करून एवढंच विचारा, नोंदणीचा नंबर द्या. बाकी वाद नको.

मार्कंडेयकाठ
आणि संमतीपत्र मराठीत मागा! माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनला (नाव नको) चार पानं कन्नड आणि दोन पानं इंग्रजी, सासरे मराठी शाळेत सातवी. "सही करा की ओ, सगळेच करतात." केली. काय लिहिलं होतं ते आजतागायत माहीत नाही.

कित्तूरकडची
मी कन्नड घरातली, मराठी शाळेत शिकले. हे आमच्या आजीच्या बाबतीत सोलापूरला उलटं झालं होतं, सगळं मराठीत आणि तिला फक्त कन्नड. भाषा कुठली का असेना, रोग्याला समजेल अशी पाहिजे. प्रयोगासाठी तर नियमच तसा आहे.

मार्कंडेयकाठ
बरोबर बोललात अक्का.

शहापूरकर
पैशाचं पण बघा. निपाणीची_लेक ताई, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. तुमचं गाव यादीत आहे का बघा, कोल्हापूर जवळच आहे तुम्हाला. इकडं आयुष्मान कार्ड असेल तर ते पण काढून ठेवा. दोन्हीकडची कागदं एका पिशवीत. आमच्यासारख्यांनी दोन्ही दारं वाजवायची.

निपाणीची_लेक
सगळ्यांचे आभार. आज फोन केला त्या दवाखान्यात. नंबर विचारला तर आधी "कसला नंबर", मग "मॅडम तुम्ही रोग्याला घेऊन या, समोर बसून बोलू", मग तीन लाखांवर आले, मग अडीच. मी ठेवला फोन. मामा माझ्यावर चिडलेत. म्हणाले, तुला माझा पाय नको आहे का.

तेंदूपान
बाळा, ते दुखणं बोलतंय. तू उद्याच घेऊन जा मोठ्या दवाखान्यात.

वडगावचा_माग
तू बरोबर केलंस लेकी. बेळगावला आणलंस तर कळव, जेवणाचा डबा आमच्याकडनं.

निपाणीची_लेक
पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. इथं काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

बेळगावला व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवलं. घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, मग सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन. गुडघ्याखालच्या वाहिन्या बंद, बायपास जोडायला खाली चांगली वाहिनीच नाही म्हणाले. मग त्यांनी स्क्रीनवर मामांना एक दाखवलं. बंद वाहिनीच्या कडेनं बारीक बारीक नागमोडी रेषा, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारख्या पीळ पडलेल्या. म्हणाले, ह्या तुमच्या शरीरानं स्वतः केलेल्या वाटा आहेत, कुणी काही टोचलेलं नाही. तुम्ही विडी थांबवली तर ह्या टिकतील, नाही थांबवली तर ह्याही बंद पडतील. मामा बराच वेळ स्क्रीनकडंच बघत होते. बाहेर आल्यावर खिशातलं बंडल मला दिलं. त्यात नऊ विड्या होत्या.

काळं पडलेलं बोट काढलं, बाकी पाय आहे. दहा दिवस सलाईनमधनं औषध दिलं. बंगळूरच्या त्या औषधाचं विचारलं तर सर्जन म्हणाले, आधी तीन महिने तंबाखूशिवाय काढा, जखम कशी भरतेय बघू, मग ठरवू. आज ३३ वा दिवस. एकदा चुकलं, बाराव्या दिवशी एक ओढली, स्वतःच येऊन सांगितलं. रात्री आता तीन-चार तास पाय वर घेऊन झोपतात. जमीन आहे तशीच आहे.

टिळकवाडी_७
३३ दिवस! मामांना माझा नमस्कार सांगा. मनापासून.

खानापूरवाडी
ताई, बरं झालं माझं ऐकलं नाही ते. योजनेत बसलं का?

निपाणीची_लेक
आयुष्मानमधनं बरंचसं बसलं, औषधं वेगळी. दादा, तुमच्यामुळंच तर त्या बंगळूरच्या औषधाचं कळलं.

आता एकच प्रश्न आहे. डॉक्टर म्हणतात वखारीत परत जायचं नाही. ४१ व्या वर्षी, एक बोट कमी, आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही. बसून करायचं कसलं काम कुणाला माहीत असेल तर सांगा.

वडगावचा_माग
कांड्या भरायला येतात का त्यांना? आले तर आमच्याकडं जागा आहे. येत नसतील तर आठ दिवसांत शिकवतो. पण वडगाव लांब पडेल, राहायचं बघावं लागेल. नंबर मेसेज कर.